कुणी कापाय लावलं

"तोंड वर कर," आजी म्हणाली.

मी वर केलं. आजीने अंगठ्याने माझा वरचा ओठ उचलला आणि समोर बसलेल्या बाईला दाखवला. बाजारात बैलाचे दात बघतात, तसं. समोर शेजारच्या तुळसाक्काची सून भिंतीला टेकून बसली होती. तिला आठवा लागला होता, मांडीवर निवडायच्या मेथीचं ताट होतं. तिने माझ्या ओठावरचा टाक्यांचा व्रण पाहिला आणि ताट बाजूला सारलं.

"बघितलंस?" आजी म्हणाली. ग्रहणाला ती गिराण म्हणायची. "हिच्या आईनं गिराणात कलिंगड चिरलं. चोरून. दम निघंना तिला. आता ह्ये पोरीच्या तोंडावर जलमभर. तवा तू त्या दिवशी चिरू नको, कापू नको, सुईसुद्धा हातात धरू नको."

"न्हाई धरत, आजी."

"आता बोल गं," आजी मला म्हणाली. "म्हण, कच्चा पापड, पक्का पापड."

मला माहीत होतं काय होणार ते. माझा ओठ मी तान्ही असताना शिवला होता, पण आतली टाळू उघडीच राहिली होती. ती शिवायला मला शाळेत जायचं वय यावं लागलं, कारण आजीचं म्हणणं होतं, ओठ शिवला की झालं, टाळू कोण बघायला येतंय. टाळू शिवली तरी जिभेला सवय जुनीच होती. तोंडातून यायचा वारा नाकातून निघून जायचा, आणि बाहेर कुणासमोर 'क' म्हणायला गेलं की घशात नुसता हिसका बसायचा. मी म्हटलं, "अन्ना हाहन, अन्ना हाहन."

तुळसाक्काच्या सुनेने पदर तोंडाला लावला. ती हसली का रडली, मला दिसलं नाही. आजीने माझ्या हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला. प्रत्येक घरी काही ना काही मिळायचंच. ग्रहण जवळ आलं की आजी मला न्हाऊ घालायची, वेणी घालायची आणि गल्लीतल्या एकूण एक गरोदर बाईकडे घेऊन जायची. मला आधी वाटायचं, माझी आजी मला फिरायला नेते. दुसरीत गेल्यावर कळलं, मला दाखवायला नेते. त्या दिवशी तो लाडू मी गटारात टाकला.

आमचं घर शिंप्याचं. पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये दोन खोल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, पुढे मशीनवर शर्ट-पँटी शिवायचे. बायकांचं काम आईकडे होतं. चोळीची बेतणी, म्हणजे मापावर कापड कापणं, आईसारखं गल्लीत कुणाला जमत नव्हतं. आईच्या आधी ते काम आजीकडे होतं, पण आजीची नजर अधू झाली आणि कात्री आईकडे आली. कात्री आली, मान मात्र आला नाही. आई त्या घरात कायम आरोपीसारखी वावरायची. हळदीकुंकवाला मागे, बारशाला मागे, ओटी भरायला तर नाहीच. आजी कुणालाही सहज सांगायची, "आमची विमल? तिचं तोंड तिला आवरत न्हाई. कलिंगडापायी पोरीचा ओठ घालवला." आई ऐकून घ्यायची आणि कापडावर खडूने रेघ मारायची. मला तिचा राग यायचा. ती काहीतरी बोलेल, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची. ती तोंडात टाचण्या धरून काम करायची.

टाळू शिवल्यावर मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला देशिंगकर बाईंकडे पाठवलं. बाई मुलांना बोलायला शिकवायच्या. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि एक छोटा आरसा, बस. बाईंनी तो माझ्या नाकाखाली आडवा धरला.

"म्हण, पा."

मी म्हटलं. आरशावर धुकं आलं.

"हे बघा," बाई आईला म्हणाल्या, "वारा नाकातून चाललाय. तो तोंडातून यायला हवा. आरसा कोरडा राहिला की समजायचं, अक्षर बरोबर निघालं. आधी प, मग ट, मग च, आणि शेवटी क. क सगळ्यात हट्टी. एकेक अक्षर बसलं की त्याची वाक्यं करायची, भरभर म्हणायची. कच्चा पापड वगैरे चालेल."

"कच्चा पापड नको," आई म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. "मग तुम्हीच तयार करा. तिच्या ओळखीच्या शब्दांची करा. तुमच्याकडे काय काम चालतं?"

"शिवणाचं."

"मग झालंच की. आणि एक सांगते, नवं बोलणं कच्चं आहे तोवर बाहेर नेऊ नका. बाहेरची पोरं हसली की मूल परत जुन्या वळणावर जातं. घरातच पक्कं होऊ दे."

उठताना आईने डॉक्टरांना विचारलेलं बाईंनाही विचारलं, खाली बघत. ग्रहणाचं. बाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलं ना तुम्हाला? बाळाचा ओठ आणि टाळू पहिल्या तीन महिन्यांतच जुळतात, नाहीतर राहतात. त्याचा ग्रहणाशी काडीचा संबंध नाही. तुम्हाला कितवा होता तेव्हा?"

"सातवा."

"मग? सातव्यात ओठ कसा फाटेल?"

घरी आल्यावर तिने हे आजीला सांगितलं, अण्णांसमोर. आजी म्हणाली, "डाक्टरला काय कळतंय? त्येनं काय पोरं काढल्यात?" अण्णांनी मशीनचं चाक हाताने फिरवलं आणि पाय चालू केले. पुढे वर्षभर आई हे कुणाकुणाला सांगत राहिली. बायका ऐकायच्या, मान हलवायच्या, आणि निघताना म्हणायच्या, "तरी पण बाई, चिरायला नको हुतंस." मग आईने सांगायचं सोडून दिलं.

सराव मात्र सोडला नाही. रोज संध्याकाळी भाकरीचा तवा उतरला की स्वयंपाकघराचं दार लोटायचं, मला पाटावर बसवायचं आणि आरसा धरायचा. वाक्यं ती कापड बेतता बेतता जुळवायची.

"पिवळा पिको पदराला, पांढरा पिको परकराला."

"हिवळा..." आरशावर धुकं.

"परत. ओठ मिट, वारा आत दाब, मग सोड. टाका ओढतो तसा. पिवळा."

"पिवळा."

"आता सगळं."

पिवळ्या पिकोत एक पावसाळा गेला. मग 'ट' आला. "टिपेवर टीप, टाक्यावर टाका, टाचणी टोचते, टोक बघून टाका." कधी मी चिडायची, आरसा ढकलून द्यायची. आई पुसून परत धरायची. ती प्रेमाने समजावणारी बाई नव्हती. "रडून घे, मग म्हण," म्हणायची. मी रडून घ्यायची, मग म्हणायची.

'क' अडला. किती दिवस नुसता हिसका. एक दिवस माझं नावच, कुंदा, माझ्या तोंडातून पुरं निघालं. त्या आधी ते 'उंदा' निघायचं आणि शाळेतली पोरं मला उंदीर म्हणायची. आईने आरसा बघितला. कोरडा होता. तिने तो पदराला पुसला, उगाचच, आणि म्हणाली, "आता तुला एक अवघड देते. हे मात्र ह्या चार भिंतींत." आजीसमोर आणि बाहेर मी जुन्यासारखंच नाकात बोलत राहिले, सुरुवातीला सांगितलं त्या तुळसाक्काच्या सुनेपुढेही.

ते असं होतं:

"काळवंडला चांद, कचकच कात्री,
काकीच्या चोळीचं कापड कापी.
कापड कापी, काळीज कापे,
कुणी कापाय लावलं? कुणी कापाय लावलं?"

मला ते फार आवडलं. त्यात भरभर म्हणायची मजा होती आणि शेवटी पाटावर हात आपटता यायचा. मी विचारलं, "मग कुणी लावलं?"

"त्याचं उत्तर वाक्यात न्हाई," आई म्हणाली. "परत म्हण. कापी आणि कापे नीट वेगळं काढ."

आता काकीचं सांगायला हवं. नलूकाकी म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. लग्नाला सात-आठ वर्षं होऊनही तिला मूल नव्हतं. उपास झाले, अंगारे झाले, आणि त्या वर्षी तिला दिवस राहिले. आजीच्या पायाला चाकं लागली. सातव्यात डोहाळजेवण करायचं ठरलं आणि नेमकं त्याच पंधरवड्यात ग्रहण आलं. म्हणून आजीने चार दिवस आधी कार्यक्रम उरकायचा बेत केला. आईने काकीसाठी हिरवी चोळी शिवली, पुरणाचा घाट घातला, पहाटेपासून चुलीपुढे होती. सकाळी आजीने तिला सांगितलं, "विमल, बायका आल्या की तू आतच ऱ्हा. पहिलटकरीण हाय. नदरंसमूर नको."

"बरं," आई म्हणाली.

काकी मधेच म्हणाली, "आत्याबाई, वैनींनीच तर सगळं केलंय."

"केलंय म्हणून काय ओटी भराय लावू? तुला पोर चांगलं पाहिजे का न्हाई?"

काकीने पोटावर हात ठेवला. तिचाही मला राग आला. पण ती घाबरलेली होती, एवढं दिसत होतं.

दुपारी बायका जमल्या. मधल्या खोलीत काकीला पाटावर बसवलं, गळ्यात फुलांचा हार, हातात फुलांच्या वाक्या. तुळसाक्का सगळ्यात पुढे बसली होती. तिचा आवाज असा, की ती कुजबुजली तरी दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायचं. ओट्या भरून झाल्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात आईजवळ उभी होते. आई कढईत पुऱ्या सोडत होती.

"कुंदे, हिकडं ये," आजीने हाक मारली.

आईचा झारा थांबला. मी तिच्याकडे पाहिलं.

मी गेले. आजीने मला काकीसमोर उभं केलं, अगदी तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल असं. "नलू, तू घरातली म्हणून तुला कधी बोलले न्हाई. पण आता चार दिवसांवर आलंय. नीट बघून घे." आणि तिचा अंगठा माझ्या ओठाकडे आला.

काकीने रोज माझ्या वेण्या घातल्या होत्या. मला ताप आला तेव्हा ती माझ्या उशाशी बसली होती. तिला माझा ओठ पाठ होता. आणि आता ती डोळे मिटून घेत होती. ते मिटलेले डोळे बघून माझ्या अंगात जे पेटलं, ते अजून विझलेलं नाही. मी आजीचा हात झटकला.

"आता बोल," आजी म्हणाली. तिला वाटलं, पोर लाजली. "म्हण, कच्चा पापड."

पापड मी म्हटला नाही. मला येत असलेलं सगळ्यात अवघड, मला त्या बायकांच्या तोंडावर मारायचं होतं. चार भिंतींचं मी विसरले नव्हते. त्या घरालाही चारच भिंती होत्या.

"काळवंडला चांद, कचकच कात्री, काकीच्या चोळीचं कापड कापी. कापड कापी, काळीज कापे, कुणी कापाय लावलं? कुणी कापाय लावलं?"

एक अक्षर नाकातून गेलं नाही. मला आरशाशिवाय कळलं.

तुळसाक्काने मांडीवर थाप मारली आणि आजीकडे वळली. "आगं, पोरगी किती सोच्छ बोलली! पारूबाई, ही न्हाई का परवा आमच्यात नाकात बोलत हुती? परत म्हण गं."

मी परत म्हटलं, आणखी भरभर, आणखी मोठ्याने. आजीचं तोंड उतरलं होतं, पण अजून तिला नुसतं एवढंच वाटत होतं, की दाखवायची वस्तू बिघडली.

"आणि कुणी गं लावलं कापाय?" तुळसाक्का हसत म्हणाली. लहान पोराशी बोलताना विचारतात तसं.

मला तिथपर्यंतच शिकवलं होतं. मी स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं.

आई उंबऱ्यावर आली होती. हातात झारा तसाच, तेल ठिबकत होतं. तिने उंबरा ओलांडला आणि बायकांच्या मधोमध येऊन उभी राहिली. "आत्याबाईंनी," ती म्हणाली.

"काय बरळतीयास? आत जा," आजी म्हणाली.

"जाते. एवढं सांगून जाते. नलूचं लगीन तोंडावर आलं हुतं. नवरीला द्यायच्या सगळ्या चोळ्या शिवायच्या ऱ्हायल्या हुत्या. मला सातवा चालू हुता. त्या संध्याकाळी गिराण लागलं. मी म्हणले, आत्याबाई, गिराण सुटू दे, मग कापते. तुम्ही काय म्हणाला?"

"मला काय आठवतंय?"

"मला आठवतंय. तुम्ही म्हणाला, गिराण बघत बसलीस तर व्याही तोंडात शेण घालतील. पोट घिऊन सगळ्याच बायका कामं करत्यात. उचल कात्री. मी उचलली. दिवा धरायला तुम्हीच हुता."

"कलिंगड..."

"कलिंगड कुठलं? त्या दिवशी घरात कलिंगड हुतं का? कुंदाचं तोंड बघितलं आणि तुमची बोबडी वळली. बाळंतिणीच्या खाटंपाशी उभं ऱ्हाऊन तुम्ही सुईणीला कलिंगड सांगितलं. मी ऐकत हुते. मला तवा उठायची ताकद नव्हती."

काकी पाटावरून उठायला लागली, पोटामुळे तिला उठता येईना. "माझ्या चोळ्या?" ती म्हणाली. "त्या माझ्या लग्नाच्या?"

"कापड कापल्यानं काय बी हुत नसतंय," आजी म्हणाली. आवाज चढला होता. "चिरणं येगळं. कापड येगळं."

तुळसाक्का आता हसत नव्हती. "आसं व्हय? मग परवा माझ्या सुनंला सुईसुद्धा हातात धरू नको म्हणून कोण सांगून गेलं? भाजी निवडायची सोडून पोरगी दोन दिस झाले नुसती बसून हाय. रातीची दचकून उठतीया."

आजी खाली सांडलेले ओटीचे तांदूळ गोळा करायला लागली. पुढच्या खोलीतलं अण्णांचं मशीन थांबलं होतं. त्यांना सगळं ऐकू जात होतं. मी वाट बघितली. मला वाटलं, आता ते येतील, दारात उभे राहतील, काहीतरी म्हणतील. चोळ्यांचं कापड कापलं त्या रात्री तेही घरातच होते ना. मशीन परत सुरू झालं.

जेवणं झाली. पुरण कुणी टाकत नसतं. पण जाताना बायका स्वयंपाकघरात येऊन आईला सांगून गेल्या, जे त्या घरात कधी घडलं नव्हतं. त्या गेल्यावर मी आईच्या मागे लागले.

"मग मी आजीमुळं अशी झाले?"

आईने कढई खाली उतरवली. "कुणामुळं न्हाई. डॉक्टरांनी काय सांगितलं हुतं? गिराणाचा संबंध न्हाई. कात्रीचा न्हाई, कलिंगडाचा न्हाई."

"मग तू तसं का बोललीस सगळ्यांसमोर?"

"मी कुठं म्हणले, कात्रीनं झालं? मी फक्त कुणी कापाय लावलं तेवढं सांगितलं. डॉक्टरचं सांगून बघितलंच की वर्षभर. कुणाच्या अंगाला आलं? ज्याचं माप त्याचंच कापड बेतावं लागतं, कुंदे. त्यांच्या मापाचं शिवलं, लगेच बसलं."

"म्हणून मला ते शिकवलंस?"

"तुला नीट बोलायला शिकवलं," ती म्हणाली. "कुठं बोलायचं, ते तू ठरवलंस."

मला तिचाही राग आला होता, हे सांगून टाकते. आजीने मला घरोघर नेऊन बोलायला लावलं, आणि आईनेही माझ्याच तोंडून बोलून घेतलं. पण आजीच्या बोलायला लावण्याने माझं तोंड बंद होत गेलं होतं. आईच्या हातून ते उघडलं. एवढा फरक मला सातव्या वर्षीही कळत होता.

आता मी हेच काम करते. माझ्याकडे मुलं येतात, टेबलावर आरसा आहे, वाक्यं मी त्यांच्या घरातल्या कामाची करते. कुंभाराच्या पोराला कापडाची नाही, गाडग्यांची. आणि अजूनही एखादी आई मुलाला बाहेर पाठवून, दार लोटून, खाली बघत विचारते, "बाई, मी ग्रहणात चाकू धरला होता, म्हणून का हो?" शिकलेल्या बाया विचारतात. मी त्यांना तीन महिन्यांचं सगळं नीट समजावते. मग विचारते, तुम्हाला हे सांगितलं कुणी? त्या सांगत नाहीत. दाराकडे बघतात. बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं.

त्या डोहाळजेवणानंतर चार दिवसांनी ग्रहण आलं. दिवेलागणीलाच लागणार होतं. काकी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन पडली होती. कुणी काही म्हणा, भीती अशी एका दुपारीत जात नाही. त्या दुपारनंतर आजीने मला न्हाऊ घातलं नव्हतं, कुठे नेलंही नव्हतं. घरात ती आईशी बोलत नव्हती, आणि आईला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

चंद्र उगवायच्या सुमारास पाटलांचा गडी कापड घेऊन आला. पाटलांच्या मुलीची सुपारी फुटायची होती, सकाळीच पाहुणे येणार होते, आणि सांगलीहून शिवून आणलेली चोळी दंडात बसत नव्हती. रातोरात दुसरी पाहिजे होती. पाटलांना आमच्याकडे कुणी नाही म्हणत नसे. आजीने कापड ठेवून घेतलं.

"विमल, कापून दे," ती म्हणाली. चार दिवसांनी पहिल्यांदा.

आई भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. "गिराणात माझी कात्री चालत न्हाई, आत्याबाई."

"आता काय तू पोटुशी हाईस?"

"माझ्या हाताला डाग हाय. गल्लीला म्हाईत हाय. पाटलाच्या पोरीचं शुभकार्य, आणि माझा हात? उद्या काय कमीजास्त झालं तर तुम्हीच सांगत हिंडाल."

आजीने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी मशीनला तेल घालत म्हटलं, "मला चोळीची बेतणी येत न्हाई." खरंच होतं ते. त्यांनी आयुष्यात बायकांचं माप कधी घेतलंच नव्हतं.

शेवटी आजीने दोऱ्याने बांधलेला चष्मा कानाला अडकवला, पाट ओढला आणि कापड पसरलं. खडूने रेघ मारली, पुसली, परत मारली. दिवा वर धरायला कुणी उठलं नाही. दाराबाहेर चंद्राची एक कड काळी पडायला लागली होती. आजीने कात्री उचलली.

"कुंदा," आई म्हणाली, "तुझा आजचा सराव ऱ्हायलाय."

"आरसा आणू?"

"नको आता आरसा."

मी आजीच्या समोर पाटावर बसले. तिने कापडात पहिली कात्री घातली आणि मी सुरू केलं. काळवंडला चांद, कचकच कात्री. माझा आणि कात्रीचा ठेका आपोआप जुळला. काकीच्या चोळीचं कापड कापी. आजीचा हात थांबला की मी थांबायची. तिचा हात चालला की मीही चालायची. कापी आणि कापे मी नीट वेगळं काढत होते. आतून काकीची चाहूल लागली. ती उठून दाराशी येऊन उभी राहिली होती.

कुणी कापाय लावलं? कुणी कापाय लावलं?

आजीने मान वर केली. चष्म्यातून तिचे डोळे मोठे दिसत होते. जन्मापासून ती मला सांगत आली होती, बोल गं, बोल, ह्यांना बोलून दाखव.

"गप बस," ती म्हणाली.

मी पाटावर हात आपटला आणि पहिल्यापासून सुरू केलं.